प्रेअरीत फुलपाखरं आणि चतुर जवळ येऊच देत नाहीत, कोणती लेन्स घेऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन वर्षांपूर्वी इलिनॉयला आलात. कॅमेरा आहे, १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स आहेत. सुट्टीच्या दिवशी प्रेअरीत, म्हणजे इथल्या गवताळ माळरानात जाता, पण तीन पावलांवर पोचलात की फुलपाखरू उडतं, चतुर तर थांबतच नाही, आणि घरी येऊन बघावं तर बहुतेक फोटो हललेले. म्हणून १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून मोठं चित्र टिपणारी) घ्यावी की १००-४०० (दूरचं जवळ आणणारी) घ्यावी, असं विचारलंत. शिवाय जाता जाता हेही विचारलंत, की फुलपाखरू पकडून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं का.

फ्रीजचं आधी निकालात काढते. चालत नाही. गारठलेल्या पाखराची पायांची पकड सुटलेली असते, पंख विचित्र कोनात पडलेले असतात, आणि ज्याने थोडंफार निरीक्षण केलंय त्याला असा फोटो लगेच ओळखू येतो. इथल्या संरक्षित प्रेअरींमध्ये परवान्याशिवाय कीटक पकडायला बंदी असते, हे वेगळंच. आणि खरं सांगायचं तर निसर्ग रोज रात्री फुकटात फ्रीज चालवतोच. त्याकडे मी येणारच आहे.

लेन्सचं थोडं बाजूला ठेवू. तुमच्या मजकुरात एक वाक्य सहज आलंय: "नाश्ता करून साडेदहाला पोचतो, एक-दीडपर्यंत फिरतो." तिथेच घोडं पेंड खातंय.

कीटकांना अंगातली ऊब स्वतःच्या बळावर फारशी राखता येत नाही. फुलपाखराचे उडण्याचे स्नायू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की ते मोकळेपणी उडतं. जुलैत साडेदहाला ते पुरतं तापलेलं असतं. तुमची हालचाल दिसली की उडायला त्याला पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही. तेच पाखरू पहाटे साडेपाचला गवताच्या काडीला लटकलेलं असतं, अंगावर दव असतं, आणि तुम्ही फूटभरावर नाक नेलंत तरी हलत नाही, कारण हलणं त्याच्या हातातच नसतं. त्यातून पहाटे वारा पडलेला असतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वरचा वारा खाली पोचत नाही. ऊन वर चढून जमीन तापली की हवा ढवळायला लागते, आणि नऊ-दहानंतर प्रेअरीतली प्रत्येक काडी डोलते. डोंगर नाही, झाडी नाही, वाऱ्याला अडवणार कोण? तुमच्या हललेल्या फोटोंपैकी निम्म्यांचा दोष हाताचा नसून वाऱ्याचा असावा, असा माझा अंदाज आहे.

मीही हे सगळं उलट क्रमाने शिकले. पहिल्या उन्हाळ्यात महागडी मॅक्रो घेतली आणि मॉनार्क फुलपाखरांच्या मागे धावत सुटले. सप्टेंबर येईपर्यंत माझ्याकडे दूर जाणाऱ्या मॉनार्कच्या शेपटाकडच्या बाजूचे फोटो भरपूर जमले होते, बाकी काही नाही.

तर पहाटेची गोष्ट. जुलैच्या मध्याला इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याआधी दहा मिनिटं वाटेवर असायला हवं. शोधायची युक्ती अशी: सूर्य समोर ठेवून चालायचं. प्रकाश मागून आला की दवाने भरलेले पंख गवतात काचेच्या तुकड्यांसारखे चमकतात. तोच प्रकाश पाठीमागे ठेवून चाललात तर शेजारून जाल आणि काही दिसणार नाही. गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर बघायचं, विशेषतः गवताच्या झुबक्याच्या पूर्वेकडच्या अंगाला. आदल्या संध्याकाळी शेवटचा तासभर तिथे काढता आला तर फारच उत्तम, कारण कोण कुठे मुक्कामाला उतरलं ते बघून ठेवता येतं.

एका अशा सकाळी बारा ठिपक्यांचा स्किमर जातीचा चतुर सापडला. प्रत्येक पंखावर तीन काळे डाग, चार पंखांचे मिळून बारा. नर होता, म्हणजे काळ्या डागांच्या मधे पांढरेही होते. तो कोनफ्लॉवरच्या वाळक्या दांड्याला तिरपा चिकटलेला, आणि अंगभर इतकं दव की मूळ रंग कळेना. मी वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसून तिपाई लावली आणि वीसेक मिनिटं तिथेच होते. सूर्याचा पहिला किरण त्याच्या पाठीवर आला तेव्हा काही झालं नाही. मग त्याने पुढचा एक पाय उचलला आणि डोळ्यावरचं दव पुसलं, अगदी आपण चष्मा पुसतो तसं. एकदा डावा डोळा, एकदा उजवा. पुसलेल्या जागी डोळ्याचा तपकिरी रंग लख्ख दिसायला लागला, बाकी डोळा अजून थेंबांनी भरलेला. पंखांच्या टोकांवरचे थेंब एकेक करून गळले. साडेसहाच्या पुढे तो उडाला. माझा त्या वर्षीचा सर्वांत चांगला फोटो डोळा पुसतानाचा आहे, आणि तो कोणत्याही साध्या लेन्सने निघाला असता.

मोठे डार्नर जातीचे चतुर मात्र उडण्याआधी पंख थरथरवून स्नायू तापवतात. ती थरथर दिसली की तुमच्या हातात फार तर एक-दोन मिनिटं उरलीत असं समजायचं.

आता तुम्ही म्हणाल, घरात लहान मुलं आहेत, पहाटे चारला उठून जाणं दर आठवड्याला कसं जमणार. रास्त आहे. मलाही महिन्यातून दोनदा जमलं तरी खूप. म्हणून दिवसाउजेडीचं तंत्रही सांगते, फक्त त्यात पाठलाग नाही.

चतुरांपासून सुरुवात करू, कारण तुम्ही त्यांच्यापुढे हात टेकलेले दिसताय. फोटोच्या दृष्टीने चतुरांचे दोन वर्ग पडतात: बसणारे आणि उडत राहणारे. ग्रीन डार्नर किंवा वॉन्डरिंग ग्लायडर दुपारी सहसा बसत नाहीत, त्यांच्यामागे लागून हाती काही लागत नाही. स्किमर, पेनंट, मेडोहॉक ही मंडळी बसणारी. त्यांची एक ठरलेली काडी असते. तिथून उडतात, डास-चिलट पकडतात आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. तुम्ही जवळ जाता, चतुर उडतो, तुम्ही निराश होऊन पुढे निघता; आणि तुमची पाठ वळली की तो परत येऊन बसलेला असतो. म्हणून उडाला की पुढे जाऊ नका. उलट तो नसताना दोन पावलं पुढे सरका, कॅमेरा डोळ्याला लावा, त्या काडीच्या टोकावर फोकस करून ठेवा आणि थांबा. तो परत आला की आधीपासून तिथे असलेल्या खांबासारखे तुम्ही त्याला वाटता. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक जण तुम्हाला मान्य करून टाकतात. एखादा करत नाही, मग त्याला सोडून शेजारच्या काडीकडे वळायचं.

हॅलोवीन पेनंट नावाचा नारिंगी पंखांचा, त्यावर गडद तपकिरी पट्टे असलेला चतुर इथे जुलैत भरपूर दिसतो. तो सर्वांत उंच काडीच्या अगदी टोकाला बसतो आणि वाऱ्यावर निशाणासारखा फडफडतो. नावातला पेनंट, म्हणजे पताका, त्यावरूनच आलाय. फोटोला सोपा म्हणावा, कारण बसून राहतो. अवघड म्हणावा, कारण काडी सारखी झुलते. इथे एक गोष्ट उपयोगी पडते. झोका कधी थांबतो? दोन्ही टोकांना, दिशा बदलतानाच्या क्षणी. मधे वेग सर्वांत जास्त असतो. तेव्हा काडी एका बाजूला पूर्ण वाकली की बटण दाबायचं, पाच-सहा फोटोंची लड घ्यायची. माझे तरी या पद्धतीने दहातले तीन-चार धारदार येतात. मधल्या झोक्यात दाबलं तर एखाददुसरा.

ऊन फार कडक असलं की हेच चतुर शेपूट थेट आकाशाकडे उभी करून बसलेले दिसतील. फोटोसाठी पोज दिलेली नसते हो. सूर्याच्या दिशेने शरीर उभं केलं की अंगावर पडणारं ऊन कमी होतं. अशा वेळी बाजूने, खाली वाकून फोटो घ्या, चांगला येतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मी तळ्यापेक्षा गवतात जास्त वेळ काढते. पाण्याकाठी तुम्हाला दिसतात ते बहुतेक नर, आपापला काठ राखत भांडणारे. माद्या अंडी घालण्यापुरत्या पाण्यावर येतात आणि एरवी पाण्यापासून दूर गवतात असतात. नुकते पंख फुटलेले तरुण चतुरही तिथेच. त्यांचे पंख नव्या प्लास्टिकसारखे चकाकतात, रंग अजून भरलेला नसतो, उडणं डळमळीत असतं. त्यांना अजिबात हात लावू नका, पंख कायमचे वाकतात. पण फोटोला ते शांतपणे बसतात. सगळे तळ्याच्या धक्क्यावर गर्दी करतात आणि पन्नास पावलांवरच्या गवतात कोणी नसतं.

उडत्या चतुराचा फोटो हवाच असेल तर पाण्यावर गस्त घालणारा डार्नर बघा. त्याची वाट ठरलेली असते, आणि वाटेत एखाद्या जागी तो क्षण-दोन क्षण हवेत थांबतो. फोकस हाताने त्या अंतरावर बसवून ठेवायचा आणि तो थांबला की लड सोडायची. सेकंदाला १/२००० चा वेग ठेवला तरी पंख थोडे धूसर येतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या शंभरात एखादा जमतो. मला या खेळाची फारशी हौस नाही, पण ज्यांना आहे त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

वॉन्डरिंग ग्लायडरचं नाव वर आलं, म्हणून थोडं विषयांतर. पावसाळ्याच्या शेवटी महाराष्ट्रात माळावर, मैदानावर, गच्चीवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालताना पाहिले असतील. तो हाच. जात तीच, पँटाला फ्लाव्हेसेन्स. भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जाणारा म्हणून त्याची ख्याती आहे, आणि ऑगस्टमध्ये तो इलिनॉयच्या प्रेअरीवरही उडताना दिसतो. इथे आल्यावर पहिल्यांदा तो ओळखला तेव्हा मला गावाकडचं कोणी स्टेशनवर भेटल्यासारखं झालं होतं.

आता फुलपाखरं. इथे पाखरापेक्षा झाडाकडे बघायची सवय लावायची. मिल्कवीड ओळखता का? पान तोडलं की पांढरा चीक येतो, कारण ती आपल्या रुईच्याच कुळातली. तिकडे रुईवर प्लेन टायगरचा सुरवंट असतो, इकडे मिल्कवीडवर मॉनार्कचा, आणि ही दोन्ही पाखरंही एकाच प्रजातीसमूहातली, डॅनॉस. चिकातलं विष सुरवंट अंगात साठवतो आणि पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, हे गणितही दोन्हीकडे तेच. म्हणजे लहानपणी रुईवर सुरवंट शोधले असतील तर तुमचा निम्मा अभ्यास झालेला आहे. पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं फिकट अंडं बघा. चार-पाच दिवसांत ते फुटतं, सुरवंट साधारण दोन आठवडे खातो, मग कोष, आणि दहा-बारा दिवसांनी पाखरू. एकाच रोपाकडे दर शनिवारी गेलात तरी अंड्यापासून मोठ्या सुरवंटापर्यंतची मालिका तुमच्या कॅमेऱ्यात येते, आणि अंडं किंवा सुरवंट काही उडून जात नाही.

मॉनार्कसारखंच दिसणारं व्हाइसरॉय नावाचं पाखरू तुम्हाला फसवेल. मागच्या पंखावर शिरांना आडवी छेद देणारी एक काळी रेघ असेल तर तो व्हाइसरॉय. ओलसर जागी, विलोच्या आसपास जास्त दिसतो.

मधासाठी येणाऱ्या पाखरांना गाठायचं तर जुलैत बर्गमॉट आणि कोनफ्लॉवर, ऑगस्टमध्ये ब्लेझिंग स्टार, सप्टेंबरात गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर. ब्लेझिंग स्टारचा जांभळा तुरा फुलला की मॉनार्क त्यावर अक्षरशः रांग लावतात. असा एक दहा बाय दहा फुटांचा तुकडा निवडा, वाटेच्या कडेचाच, आणि तिथे तासभर उभे राहा. पाखरू फुलावर उतरलं की लगेच पुढे सरकायचं नाही. सोंड उलगडून फुलात घालू द्या, दोन-तीन फुलांवर त्याला रमू द्या. पिण्यात गुंतलेलं पाखरू बरंच सोसतं. जाताना कॅमेरा आधीच चेहऱ्यापाशी धरलेला असावा. जवळ पोचून हात वर केला की तीच हालचाल त्याला उडवते. सरळ त्याच्या रोखाने न जाता थोडं तिरपं आणि खालून जा. आणि तुमची सावली कुठे पडतेय ते बघा. पाखरावर सावली पडली की खेळ खलास.

चिखलपानाची संधी सोडू नका. रात्री पाऊस झाला असेल तर खडीच्या वाटेवरच्या ओल्या जागी सल्फर नावाची पिवळी आणि छोटी निळी पाखरं क्षारांसाठी जमतात. तिथे आडवं होऊन फोटो काढायची लाज वाटत असेल तर ती घरीच ठेवून या.

प्रेअरी जाळतात हे तुमच्या कानावर आलं असेल. वसंतात काही भाग मुद्दाम जाळला जातो, नाहीतर झुडपं गवताला गिळून टाकतील. कोणता भाग यंदा जाळला ते तिथल्या स्वयंसेवकांना विचारा. जाळलेल्या भागात उन्हाळ्यात फुलं दाटून येतात, म्हणून मधासाठी पाखरं तिकडे येतात. पण ज्यांच्या अळ्या वाळक्या पाल्यात हिवाळा काढतात, ती टिकतात न जाळलेल्या शेजारच्या तुकड्यात. रीगल फ्रिटिलरी हे फुलपाखरू त्याचं ठळक उदाहरण. तिच्या अळ्या व्हायोलेटची पानं खातात, पण अंड्यातून बाहेर पडतात शरद ऋतूत, आणि काहीच न खाता पाल्यात दडून हिवाळा काढतात. म्हणून जाणकार व्यवस्थापक सगळी प्रेअरी एकदम जाळत नाहीत. फोटो काढायला या दोन तुकड्यांमधली सीमारेषा मला सर्वांत आवडते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: जमेल तेव्हा पहाटे जा, दिवसा गेलात तर एक काडी किंवा एक झाड धरून थांबा, आणि पाण्याइतकंच गवताकडे बघा. आता लेन्स.

तुमची ७०-३०० वाईट नाही. या जातीच्या बहुतेक लेन्स दीड मीटरच्या आसपास फोकस करतात आणि विषयाच्या एकचतुर्थांश आकाराचं चित्र सेन्सरवर पाडतात. तुमचा कॅमेरा एपीएस-सी असेल, म्हणजे सेन्सर साधारण २४ मिमी रुंद, तर चौकटीत जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटरचा भाग येतो. पंख पसरलेला मॉनार्क तेवढाच असतो. चौकट भरली! अडीच-तीन सेंटिमीटरच्या टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) आणि स्किपर नावाची छोटी फुलपाखरं मात्र लहान दिसतील. त्यासाठी पुढे लावायची दोन डायॉप्टर शक्तीची चांगल्या प्रतीची क्लोज-अप लेन्स घ्या. ती लावून ३०० मिमीवर, फोकस अनंतावर ठेवला तरी, साधारण अर्ध्या मीटरवरून ०.६ पट चित्र मिळतं. नव्या लेन्सच्या मानाने खर्च किरकोळ. एक हंगाम यावर काढा.

त्यानंतरही घ्यायचीच असेल तर ते तुम्ही कोणत्या वेळी जाऊ शकता यावर अवलंबून आहे. पहाटे जाणार असाल तर १०० मिमी मॅक्रो सोन्यासारखी. फक्त दुपारीच जमणार असेल आणि वाट सोडायला मनाई असेल, तर जवळ फोकस करणारी १००-४०० जास्त उपयोगाची, कारण तीन-चार फूट आत असलेल्या काडीपर्यंत मॅक्रो पोचतच नाही. इथल्या बऱ्याच राखीव प्रेअरींमध्ये वाटेवरूनच चालावं लागतं, तेव्हा हा मुद्दा छोटा नाही. आणि निव्वळ बघण्यासाठी जवळ फोकस करणारी दुर्बीण घ्या. पेंटॅक्स पॅपिलिओ अर्ध्या मीटरवर फोकस करते. कॅमेऱ्याआधी दुर्बिणीतून दहा मिनिटं बघितलं की कोण कुठल्या काडीवर परत येतं ते कळतं.

सेटिंगचं फार अवडंबर नको. दिवसा १/१००० किंवा त्याहून जास्त वेग, एफ/८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) आपोआप वर-खाली होऊ द्या. थोडे दाणे आले तर येऊ देत, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. पहाटे तिपाईवर, वारा नसताना, एफ/११ आणि हवा तेवढा मंद वेग. फोकस नेहमी डोळ्यावर. पंख पूर्ण धारदार हवे असतील तर कॅमेऱ्याची पाठ पंखांच्या पातळीला समांतर धरा, नुसतं लेन्सचं छिद्र बारीक करून (एफचा आकडा वाढवून) तेवढं साधत नाही. पांढऱ्या पाखराला अर्धा-पाऊण स्टॉप (प्रकाश मोजायचं माप) कमी प्रकाश द्या, नाहीतर पंखावरचं नक्षीकाम धुऊन जातं. पार्श्वभूमीसाठी अर्धं पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकून बघा. मागची गवताची काडी पाखराच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते, आणि हे घरी येईपर्यंत लक्षात येत नाही.

ओळख पटवायची असेल तर एकच देखणा फोटो पुरत नाही. फुलपाखराची मिटलेल्या पंखांची खालची बाजू आणि उघडलेली वरची, दोन्ही घ्या. स्किपरच्या बाबतीत तर दोन्हींशिवाय कोणी नाव सांगायला धजणार नाही. चतुराची छाती बाजूने, पाठ वरून, आणि शेपटीचं टोक. मेडोहॉकच्या काही जाती केवळ जननेंद्रियांवरून वेगळ्या करतात. तारीख आणि जागा लिहून ठेवा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. आणि आवड टिकली तर इलिनॉय बटरफ्लाय मॉनिटरिंग नेटवर्ककडे नाव नोंदवा. १९८७ पासून स्वयंसेवक ठरलेल्या वाटांवरून उन्हाळाभर चालून पाखरं मोजतायत. मीही मोजते. मोजायला लागल्यापासून माझे फोटो सुधारले, कारण मान खाली घालून स्क्रीन बघत चालणं आपोआप बंद झालं.

सुरक्षेचं बोलायलाच हवं, कारण तुम्ही मुलांना नेणार आहात. गोचीड हा इथला खरा धोका. काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि त्यातून लाइमचा आजार होऊ शकतो. लांब पँट, ती मोज्यात खोचलेली, आणि कपड्यांवर पर्मेथ्रिनची फवारणी, अंगावर नाही. फवारलेले कपडे पूर्ण वाळवून मगच घाला, आणि त्या बाह्यांनी सुरवंट हाताळू नका. ते कीटकनाशकच आहे. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी काखा, गुडघ्यामागची बाजू, केसांची मुळं तपासा. आजार पसरायला गोचीड बहुधा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच दिवशी काढणं महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट रानटी पार्स्निप. पिवळ्या फुलांची छत्री, बडीशेपेसारखी दिसणारी. तिचा रस कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. मी एकदा अर्ध्या पँटमध्ये तिच्यात गुडघे टेकून ब्लॅक स्वॅलोटेलच्या सुरवंटाचा फोटो काढला. डाग पुढचा उन्हाळा येईपर्यंत गेले नव्हते. आणि आभाळ गडगडलं की फोटो सोडून गाडीकडे निघा. सपाट प्रेअरीत सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता, आणि हातात तिपाई असते.

कुठे जायचं ते तुम्ही कुठे राहता यावर ठरेल. जोलिएटजवळची मिडेविन ही जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर १९९६ साली घोषित झालेली राष्ट्रीय प्रेअरी. डिक्सनकडे नाचुसा, जिथे २०१४ पासून बायसन आहेत. त्यांच्या कुंपणाच्या आत पायी जायचं नसतं. बटेव्हियाला फर्मिलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारात १९७० च्या दशकापासून वाढवलेली प्रेअरी आहे, प्रवेशाचे नियम आधी बघून घ्या. पण माझा कल घराजवळच्या छोट्या तुकड्याकडे आहे, रेल्वेमार्गालगतची पट्टी किंवा जुन्या दफनभूमीचा कोपरा असला तरी चालेल. इलिनॉयमध्ये एकेकाळी सव्वादोन कोटी एकरांच्या आसपास प्रेअरी होती. मूळ, चांगल्या स्थितीतली उरली ती अडीच हजार एकरांच्या आत-बाहेर. त्यातले बरेच तुकडे असेच, नांगराच्या नजरेतून सुटलेले. आठवड्याला दोनदा जाता येईल असा पाच एकरांचा तुकडा, वर्षातून दोनदा गाठता येणाऱ्या हजारो एकरांपेक्षा जास्त फोटो देतो.

तुमच्या ७०-३०० च्या नळीवर किमान फोकस अंतर छापलेलं असतं, आणि पुढच्या काचेच्या कडेला फिल्टरचा व्यास, ५८ किंवा ६७ असा आकडा. ते दोन्ही कळवा, म्हणजे क्लोज-अप लेन्स नेमकी कोणत्या मापाची घ्यायची ते सांगते.